ताम्हिणी ते आंबोली: मध्येच बंद पडणाऱ्या अँबेसेडरचा माग

गाडी अँबेसेडर मार्क ४, १९८० च्या दशकातली. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, सीबी पॉइंटवाला (म्हणजे कॉइलची वीज उघडझाप करणाऱ्या संपर्कांचा) लुकास डिस्ट्रिब्युटर, जो प्रत्येक प्लगला पाळीने स्पार्क पोहोचवतो, इंजिनवर बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप. तक्रार अशी की चालता चालता इंजिन बंद पडतं आणि मग आपोआप सुरू होतं. कधी दहा सेकंदांत, कधी अर्ध्या तासाने. गॅरेजमध्ये नेली की दिवसभर आयडलिंगवर सुरळीत चालते. मग मिस्त्री अंदाजाने कॉइल (स्पार्कसाठी उच्च दाबाची वीज तयार करणारी) बदलतो, पुढच्या खेपेला कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा), त्याच्या पुढच्या खेपेला प्लग. पैसे जातात आणि दोष जिथल्या तिथे राहतो.

असा दोष उभ्या गाडीत सापडत नाही. त्याला उष्णता लागते, चढ लागतो, खड्डे लागतात, ओल लागते. म्हणून रस्ताच तसा निवडला: पुण्याहून ताम्हिणीतून कोकणात उतरायचं, महाडहून जुना कशेडी घाट चढायचा, रत्नागिरीवरून सावंतवाडी, मग आंबोली चढून कोल्हापूरमार्गे परत. मे महिन्याचा शेवट मुद्दाम धरला. कोकणात दुपारी इंजिन पुरेसं तापतं आणि आंबोलीला वळवाची सर मिळण्याची बरीच शक्यता असते.

निघण्यापूर्वीची जोडणी

इंजिन बंद पडल्यावर पहिल्या मिनिटभरात जे दिसतं तेवढाच पुरावा. बोनेट उघडून खाली वाकेपर्यंत दोष निघून गेलेला असतो. त्यामुळे पुरावा डॅशबोर्डवरून, गाडी चालू असतानाच दिसेल अशी सोय आधी केली.

कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलपासून एक हिरवा एलईडी, १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून, अर्थला (गाडीच्या बॉडीला). कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलपासून एक लाल एलईडी, १० किलोओहमच्या अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरमधून, त्याच्यासोबत सिरीजमध्ये १एन४००७ डायोड, आणि तोही अर्थला. दोन्ही वायरींना कॉइलजवळच १ अँपियरचा फ्यूज. ही जोडणी निगेटिव्ह अर्थ असलेल्या गाडीची आहे. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत एलईडी आणि डायोड उलटे लावायचे.

लाल दिव्याच्या जागी साधा १२ व्होल्टचा बल्ब लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलच्या प्रायमरीत (कमी दाबाच्या वेटोळ्यात) तीन-चारशे व्होल्टचा झटका येतो, त्यावरच स्पार्क तयार होतो. साधा बल्ब त्यातली ताकद ओढून घेतो, स्पार्क कमजोर पडतो, आणि तपासणीच्या नावाखाली गाडीला नवा आजार लागतो. १० किलोओहममधून जाणारा करंट नगण्य असतो, त्यामुळे स्पार्कला धक्का लागत नाही. डायोड असतो तो उलट्या झटक्यापासून एलईडी वाचवायला.

वाचायचं कसं? इंजिन चालू असताना हिरवा स्थिर राहतो आणि लाल मंद दिसतो, कारण पॉइंट उघडझाप करत असतात आणि उघडे राहण्याचा वेळ साधारण एक तृतीयांशच असतो. इंजिन मेलं की क्लच दाबायचा नाही, गाडी गिअरमध्येच घरंगळू द्यायची, म्हणजे डिस्ट्रिब्युटर फिरत राहतो. त्या वेळी हिरवा विझला असेल तर वीज कॉइलपर्यंतच येत नाही: इग्निशन स्विच, त्याची वायर किंवा एखादा सैल लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड). हिरवा चालू आणि लाल एकदम प्रखर झाला, तर पॉइंटमधून अर्थ मिळत नाही. हिरवा चालू आणि लाल पूर्ण विझला, तर पॉइंटची बाजू कुठेतरी बॉडीला टेकली आहे, कंडेन्सर शॉर्ट झाला आहे किंवा कॉइलची प्रायमरी तुटली आहे. आणि दोन्ही दिवे नेहमीसारखे असूनही इंजिन मेलेलं असेल, तर संशय एचटी बाजूवर (कॉइलपासून प्लगपर्यंतच्या उच्च दाबाच्या वाटेवर), ओपन झालेल्या कंडेन्सरवर किंवा पेट्रोलवर जातो.

दुसरी सोय पेट्रोलची. पंपाच्या आधी, बोनेटखाली दिसेल असा एक पारदर्शक फिल्टर. फिल्टर निम्मा रिकामा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, यांत्रिक पंपाच्या गाडीत तो बहुधा तसाच असतो. लक्ष ठेवायचं ते बुडबुड्यांवर आणि पातळी अचानक खाली जाण्यावर.

डिकीत घेतलेलं सामान: पॉइंटचा नवा सेट, एक जुना पण खात्रीचा कंडेन्सर, रोटर, एक सुटा प्लग, फिलर गेज, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, सिलिकॉन आवरणाची बारीक तारांची मऊ वायर, मीटरभर पेट्रोलची नळी, क्लॅम्प, पायाने मारायचा हवेचा पंप, पाच लिटरचा धातूचा डबा, रिफ्लेक्टरचा त्रिकोण आणि चाकामागे लावायला लाकडी ठोकळा. कंडेन्सर जुना का, असं कोणी विचारेल. हल्ली बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरचा भरवसा नसतो. काही तर डब्यातूनच खराब निघतात. वर्षानुवर्षं चाललेला कंडेन्सर काढून ठेवला असेल तर तोच सोबत घ्यावा.

पहिला दिवस: पुणे, ताम्हिणी, माणगाव, महाड

पिरंगुट ओलांडेपर्यंत काही नाही. मुळशी धरणाच्या कडेने जाताना रस्त्याच्या उंचसखलपणात एक-दोनदा हलका झटका, दिव्यांत काही दिसावं इतका मोठा नाही. खरी सुरुवात ताम्हिणीच्या उतारावर झाली.

उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी येत होती. वळण संपल्यावर पाय दिला आणि इंजिन स्विच बंद केल्यासारखं मेलं. लाल दिवा प्रखर. दोन-तीन सेकंदांनी इंजिन परत लागलं आणि लागताना सायलेन्सरमध्ये मोठा फटाका फुटला. पुढच्या उतारावर पुन्हा तेच, पुन्हा पाय देतानाच.

या फटाक्यातून बरंच कळतं. इंजिन परत लागताना फटाका होतो म्हणजे ते मेलेलं असताना सिलिंडरमध्ये पेट्रोल जात होतं, स्पार्क नव्हता. न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये साठलं आणि स्पार्क परतल्यावर पेटलं. पेट्रोल कमी पडून बंद होणारी गाडी असा आवाज करत नाही. ती आधी ओढ सोडते, हिसके देते, मग बसते.

बंद पडणं नेमकं पाय देताना का? डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट एका प्लेटवर बसवलेले असतात आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा डबा (इंजिनच्या ओढीवर स्पार्कची वेळ बदलणारा) ती प्लेट थोडी पुढे-मागे फिरवतो. थ्रॉटल बदलला की व्हॅक्यूम बदलतो, प्लेट हलते. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटपर्यंत जाणारी छोटी वायर आणि प्लेटला बॉडीशी जोडणारी अर्थची वायर, दोन्ही प्रत्येक वेळी वाकतात. लाखो वेळा वाकल्यावर आतले तांब्याचे धागे तुटतात. बाहेरचं आवरण मात्र शाबूत, म्हणून नुसत्या नजरेला दोष दिसत नाही.

माणगावच्या अलीकडे सपाटीवर, रस्ता सोडून बाजूला, तपासणी केली. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, पॉइंट बंद राहतील अशी क्रँक फिरवली, इग्निशन बंद ठेवून टर्मिनलवरची कॉइलची वायर सोडवली आणि मल्टिमीटर ओहमवर लावून टर्मिनल ते इंजिनचा ब्लॉक असं मोजलं. चांगल्या पॉइंटला तिथे अर्ध्या ओहमपेक्षा कमी दिसायला हवं, आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स त्यातून वजा करायचा असतो. मग कार्ब्युरेटरकडची व्हॅक्यूमची नळी काढून तोंडाने ओढली. प्लेट फिरली आणि मीटर अनंतावर गेला. नळी सोडली, परत ०.३. असं एकदा नाही, प्रत्येक ओढीला.

दोन वायरींपैकी कुठली? मीटरचं एक टोक प्लेटवर, दुसरं ब्लॉकवर ठेवून पुन्हा ओढलं तर आकडा हलला नाही, म्हणजे अर्थची वायर ठीक. टर्मिनलपासून पॉइंटच्या स्प्रिंगपर्यंत मोजताना तुटत होता. वायर बाहेर काढून चिमटीत ताणली तेव्हा आवरण रबरासारखं लांबलं. आत धागेच नव्हते.

वायर बदलताना एक चूक हमखास होते. गाडीच्या वायरिंगची नेहमीची जाड वायर कापून लावली जाते. ती ताठ असते, प्लेटची हालचाल अडवते आणि काही महिन्यांत पुन्हा तुटते. मल्टिमीटरच्या प्रोबला असते तशी, बारीक धाग्यांची, सिलिकॉन आवरणाची वायर घ्यायची. सोल्डर फक्त लगच्या टोकाला आणि कमीत कमी, कारण सोल्डर वायरीत वर चढलं की तेवढा भाग ताठ होतो आणि तुटतो तिथेच. लांबी इतकी ठेवायची की प्लेट पूर्ण फिरली तरी वायर ताणली जाऊ नये आणि फिरणाऱ्या कॅमलाही लागू नये. अर्थची वायर ठीक होती तरी ती त्याच वेळी बदलली. वय दोघींचं एकच.

महाडला मुक्काम. तिथे पॉइंट उघडून पाहिले: एका टोकावर थोडा खड्डा, दुसऱ्यावर उंचवटा. चालण्यासारखे होते, पण वायरीच्या निमित्ताने सेट नवाच बसवला. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. फिलर गेजला तेल किंवा ग्रीस लागलेलं असेल तर आधी पुसून घ्यावं, नाहीतर नव्या पॉइंटवर तेलाचा थर बसतो आणि ते काळे पडून जळतात. कॅमवर मात्र ग्रीसचा बारीक ठिपका हवा. तो नसेल तर पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होत जातो आणि टायमिंग (स्पार्कची वेळ) मागे सरकतं. म्हणून पॉइंट बदलल्यावर टायमिंग पुन्हा लावणं भागच असतं.

दुसरा दिवस: महाड, जुना कशेडी घाट, खेड, चिपळूण, रत्नागिरी

सकाळी पोलादपूरपर्यंत गाडी सुरेख. पाय दिला-काढला, मुद्दाम खड्ड्यातून नेली, तरी लाल दिवा मंदच. इथे बहुतेक लोक थांबतात आणि काम झालं म्हणून घरी जातात. पण तक्रारीत दोन वेगवेगळे काळ होते: काही सेकंदांत परत लागणं आणि अर्ध्या तासाने लागणं. तुटकी वायर पहिल्याचा खुलासा करते, दुसऱ्याचा नाही. अशा जुनाट तक्रारी वर्षानुवर्षं चालतात त्याचं मोठं कारण हेच, की दोन दोषांना एकच दोष समजलं जातं आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर उतरला नाही की केलेला उपायही चुकीचा ठरवला जातो.

मुंबई–गोवा महामार्गावरची बहुतेक वाहतूक आता कशेडीच्या बोगद्यातून जाते. तपासणीला जुना घाटच बरा: सलग चढ, कमी वेग, इंजिनावर ताण आणि समोरून हवा कमी. दुपारी बाराच्या उन्हात चढायला घेतला.

अर्धा चढ होईपर्यंत काही नाही. मग ओढ कमी झाली. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणली, थोडं चालली, मग लांब-लांब हिसके. चोक अर्धा ओढला तर क्षणभर जीव आला. पुन्हा बसली. हिरवा स्थिर, लाल मंद, दोन्ही नेहमीसारखे. सायलेन्सरमध्ये फटाका नाही. हा सगळा पेट्रोलचा नमुना. चोक ओढल्यावर सुधारते याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय.

घाटात थांबताना आधी चाकामागे ठोकळा, मग त्रिकोण पन्नासेक मीटर मागे, वळणाच्या अलीकडे दिसेल असा. मग बोनेट.

पारदर्शक फिल्टर जवळजवळ कोरडा. बुडबुड्यांची माळ नव्हती. हा फरक कामाचा आहे. ओढणाऱ्या बाजूच्या नळीला चीर असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत ओढली जाते आणि फिल्टरमध्ये बुडबुडे दिसतात. नुसता कोरडा फिल्टर म्हणजे मागे कुठेतरी वाट बंद आहे.

टाकीचं झाकण उघडलं. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असेल तर टाकीत निर्वात तयार होतो आणि उघडताना ‘फस्स’ असा आवाज येतो. आवाज आला नाही, म्हणजे झाकण निर्दोष. पण तेवढ्यावर न थांबता झाकण नुसतं टेकवून पंपाचा हाताने हलवायचा लिव्हर मारला. हा लिव्हर मारताना काही जोर लागला नाही तर कॅमचा उंचवटा पंपाच्या आर्मखाली आलेला असतो. क्रँक एक फेरा फिरवून पुन्हा बघायचं. लिव्हर व्यवस्थित चालत होता, फिल्टर मात्र भरत नव्हता.

मग पंपाच्या आधीची नळी सोडवली आणि पायपंपाने टाकीच्या दिशेने हलकी हवा मारली. टाकीचं झाकण उघडं असल्याची खात्री आधी करावी. बंद टाकीत कॉम्प्रेसरची हवा सोडली तर जुन्या टाकीची शिवण उसवते. इंजिन गरम असताना हे काम लगेच करायचं नाही, एक्झॉस्टवर पेट्रोल पडलं तर आग लागते. सुरुवातीला हवा अडली, मग मोकळी झाली आणि मागून गुडगुड आवाज आला. नळी जोडली, लिव्हर दहा-बारा वेळा मारला, फिल्टर भरला, गाडी लागली.

इथे अर्ध्या तासाच्या कोड्याचा उलगडा होतो. पंप ओढत असतो तेव्हा टाकीतला गाळ नळीच्या तोंडाशी जमा होतो आणि वाट आवळत जाते. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं, तेवढं येत राहतं. चढावर मागणी वाढते, पुरवठा पुरत नाही, कार्ब्युरेटरचा बाउल (पेट्रोलची छोटी वाटी) रिकामा होतो. गाडी थांबली की ओढ थांबते, गाळ आपोआप खाली बसतो. अर्ध्या तासाने कोणीही किल्ली फिरवली तरी गाडी लागते, आणि श्रेय मिळतं त्या वेळी ज्या भागावर पाणी ओतलं असेल त्याला.

खेड, चिपळूण, पुढे संगमेश्वर. परशुराम घाटात पुन्हा थोडी ओढ कमी झाली, पण बंद पडली नाही. वेग पन्नासवर ठेवून रत्नागिरी गाठली.

तिसरा दिवस: रत्नागिरीत मुक्काम, टाकीचं काम

रस्ता नाही, फक्त काम. बॅटरीची अर्थ वायर काढून, उघड्यावर, आसपास गॅस किंवा विडीकाडी काही नसताना टाकी रिकामी केली. पेट्रोल धातूच्या डब्यात, सुती फडक्यातून गाळून. त्यातलं शेवटचं लिटरभर काचेच्या बाटलीत तासभर उभं ठेवलं.

तळाशी तांबूस गाळ, त्यावर काळे बारीक तुकडे. लोहचुंबक बाटलीच्या बाहेरून फिरवला तर तांबूस गाळ त्याच्यामागे सरकला: तो गंज. काळे तुकडे सरकले नाहीत, बोटांत चोळल्यावर शाईसारखे पसरले: ते रबर.

रबर कुठून आलं याचं उत्तर टाकी आणि धातूच्या पाइपाला जोडणाऱ्या वीतभर नळीत मिळालं. बाहेरून ती ठणठणीत होती, दाबली तरी मऊ. उभी चिरली तेव्हा आतला थर फुगून सुटलेला, एका बाजूने झडपेसारखा लोंबकळत. ओढ वाढली की तो थर वाटेत येऊन बसणार. पण तुकडे टाकीत कसे? हवा मागे मारल्यावर नळीतलेच तुकडे टाकीत ढकलले गेले. म्हणजे पायपंपाची युक्ती घाटातून सुटण्यापुरतीच ठीक. दुरुस्ती म्हणून ती वारंवार करत राहिलं तर टाकीत कचराच भरत जातो.

भारतात आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. १९८० च्या दशकातल्या नळ्या, पंपाचा डायफ्रॅम, फ्लोटच्या नीडलचं टोक, यांतलं काहीच त्या मिश्रणासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, टाकीच्या भिंतीवर जमलेला थर सोडवतं आणि हवेतलं पाणी शोषतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे पाणी इथेनॉलसह वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

नळी घेताना छापील खूण वाचावी: एसएई जे३० आर९. ही इथेनॉल सोसणारी. नुसती ‘पेट्रोल पाइप’ म्हणून काळी नळी देतात ती बरेचदा साधी असते. गाडीतल्या रबराच्या सगळ्या नळ्या बदलल्या: टाकीजवळची, फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या, पंप ते कार्ब्युरेटर. पंप उघडून डायफ्रॅम बघितला तर कडक झालेला होता, चिरलेला नव्हता. तरी विटॉनचा बसवला. कार्ब्युरेटरचा बाउल उघडून तळाचा गाळ पुसला, जेट तोंडाने फुंकून साफ केले. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं.

टाकी दोन वेळा चार-चार लिटर स्वच्छ पेट्रोलने खंगाळून तेही काढून टाकलं. टाकीच्या आत लावायचे लेप मिळतात. ते नीट न चिकटता सुटले तर गंजापेक्षा वाईट पापुद्रे तयार होतात, त्यामुळे टाकी पूर्ण उतरवून आतून साफ केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

फिल्टर पुन्हा पंपाच्या आधीच, पण जाळीचा. कागदी बारीक फिल्टर ओढणाऱ्या बाजूला लावला तर तो स्वतःच अडथळा होतो आणि उन्हात तिथे पेट्रोलची वाफ लवकर धरते.

चौथा दिवस: रत्नागिरी, राजापूर, कणकवली, सावंतवाडी

पुरवठ्याची परीक्षा सलग वेगात होते. राजापूरच्या पुढे काँक्रीटच्या चौपदरी रस्त्यावर ताशी ७० ते ८० ठेवून तासभर चालवली. फिल्टरमधली पातळी दर थांब्याला तशीच. हा दोष संपला असं म्हणायला हरकत नव्हती.

कणकवलीला जेवायला चाळीस मिनिटं थांबल्यावर मात्र गाडी लागायला खळखळ करू लागली. स्टार्टर फिरतो, इंजिन एक-दोनदा धरतं आणि सोडतं. इथे सगळ्यांचं बोट कॉइलकडे जातं, म्हणून कॉइलला न्याय द्यायला हवा.

थांबलेल्या गाडीत पंखा बंद, पाणी फिरणं बंद, पण ब्लॉकची उष्णता वर येतच राहते. थांबल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं बोनेटखालचं तापमान चालत्या गाडीपेक्षाही वर जातं. त्यात पेट्रोल उकळू शकतं आणि दुबळी कॉइलही दगा देऊ शकते. दोन्हीवर एकदमच ओलं फडकं टाकलं तर गाडी लागेल, पण कळणार काहीच नाही. एका वेळी एकच.

आधी स्पार्क. सुटा प्लग एचटी वायरीला लावून त्याची बॉडी ब्लॉकला घट्ट क्लिप केली, पेट्रोलच्या नळ्यांपासून लांब. स्टार्टर मारल्यावर निळसर, आवाज करणारा स्पार्क. मग कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून प्रायमरी मोजली: सकाळी थंड असताना ३.२ ओहम, आता ३.८. वाढ बघून घाबरू नये. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. पन्नास अंश तापमान वाढलं की तेवढाच फरक पडतो. खराब कॉइलचा आकडा गरम झाल्यावर उड्या मारतो किंवा अनंतावर जातो. सेकंडरी (उच्च दाबाचं वेटोळं) ७ किलोओहमच्या आसपास, तीही स्थिर. कॉइल निर्दोष.

मग ओलं फडकं फक्त पंपावर आणि त्याच्या नळीवर. दोन मिनिटांत फिल्टरमधले बुडबुडे थांबले आणि गाडी लागली. वाफ धरली होती. इथेनॉलच्या मिश्रणात ही तक्रार जुन्या गाड्यांना जास्त होते. उपाय साधे: पंप ते कार्ब्युरेटर नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून शक्य तितकी लांब, मधे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आड, कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक ठोकळा आहे की कोणीतरी काढून टाकला आहे ते बघणं. नळीला लाकडी चिमटे लावण्याची जुनी पद्धत बघायला गंमतशीर आहे, उपयोग शून्य. दुपारच्या थांब्यानंतर बोनेट दहा मिनिटं उघडं ठेवणं त्यापेक्षा खात्रीचं.

पाचवा दिवस: सावंतवाडी, आंबोली, आजरा, कोल्हापूर

आंबोलीच्या चढावर पंपाने तक्रार केली नाही. घाटमाथ्यावर धुकं आणि मग सर. ओलीत गाडी मिसिंग करू लागली, बंद पडली नाही. मिसिंग आणि बंद पडणं यांत गल्लत नको: एचटी बाजूची ओल बहुधा एक-दोन सिलिंडर खाते, सगळं इंजिन एकदम मारत नाही. अपवाद कॉइलपासून कॅपपर्यंतच्या मधल्या वायरीचा आणि रोटरचा, कारण त्या वाटेने चारही सिलिंडरचा स्पार्क जातो.

आजऱ्याला अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून कॅप आणि वायरींवर फवाऱ्याने पाण्याचा बारीक तुषार मारला. तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीच्या बुडाशी निळी रेघ नाचली. ती वायर बदलली. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते का तेही बघावं. दिसली तर घासत बसू नये, कॅप बदलावी. प्लगचा गॅप ०.६४ मिमीवर आणला. गॅप वाढला की लागणारा व्होल्टेज वाढतो आणि ओलीत स्पार्क बाहेरची वाट शोधतो.

रात्री उशिरा कोल्हापूर.

सहावा दिवस: कोल्हापूर ते पुणे

सकाळी एकच मोजणी बाकी होती. पॉइंट बंद, इग्निशन चालू, मीटर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलपर्यंत. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको. आली १.३. घट शोधत गेल्यावर ती इग्निशन स्विचच्या मागच्या लगवर मिळाली. लग सैल आणि हिरवट. शिवाजी उद्यमनगरात नवा लग क्रिंप करून घेतला, घट ०.३ वर आली. किल्लीच्या जुडग्याला घराच्या, कपाटाच्या, कुलपाच्या किल्ल्या लटकवू नयेत. खड्ड्यात त्यांचं वजन स्विचला हिसके देतं, आणि हिरवा दिवा विझणारा दोष तिथूनच सुरू होतो.

महामार्गाने कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा. पुण्यापर्यंत लाल मंद, हिरवा स्थिर.

दोन्ही दिवे पावसाळा संपेपर्यंत काढायचे नाहीत. नव्या पॉइंटची टाच सुरुवातीला थोडी बसते, म्हणून गॅप ५०० किलोमीटरला एकदा आणि नंतर दर ५००० ला. फिल्टरही ५०० ला बघायचा: त्यात पुन्हा तांबूस गाळ जमलेला दिसला तर खंगाळणं पुरेसं झालेलं नाही, टाकी उतरवावी लागेल. गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेतल्या हवेतूनच पाणी येतं.